सुवासाची चौकशी

“बाई, बाटल्या मागनं भरा. आधी हिचं नाव लिहून घ्या,” भाऊसाहेब म्हणाले.

‘ही’ म्हणजे गयाबाई. पाणपोईच्या खांबाशी त्या ओगराळं हातात धरून उभ्या होत्या. ओगराळं म्हणजे लांब दांड्याचा पळा, रांजणातून पाणी काढून लोकांच्या ओंजळीत ओतायला. भाऊसाहेब बागेच्या समितीचे अध्यक्ष. ऊसवाले बागाईतदार, धोतर पांढरंशुभ्र, आवाज मोठा. आणि मी नगरहून एस.टी.नं आलेली, एका हातात बाटल्यांची पेटी आणि दुसऱ्या हातात बर्फाचा डबा. त्या डब्यामुळे वाटेत कंडक्टरनं “कुल्फी का हो?” असं विचारलं होतं, त्यामुळे माझं डोकं आधीच तापलेलं.

“मी नावं लिहून घेत नाही, भाऊसाहेब,” मी म्हणाले. “मी पाणी तपासते.”

हे वाक्य मला तेव्हा फार आवडायचं. नोकरी नवी होती आणि ते म्हटलं की आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

ही गोष्ट दुष्काळातल्या उन्हाळ्याची, त्र्याहत्तर सालची. मी नगरला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. विहिरी, धर्मशाळा, जत्रेची ठिकाणं, बागा, जिथं चार लोक जमून पाणी पितात तिथलं पाणी आणून तपासायचं, आणि तिथलं सांडपाणी नीट जातं की नाही ते बघायचं, हे आमचं काम. कोल्हारच्या अलीकडे, मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून कालव्याकाठी ही बाग होती. शिर्डीला जाणारे लोक तिथं गाडी थांबवून भाकरी सोडत. शाळांच्या सहली येत. झोपाळे, चार बाकं, मागच्या बाजूला संडास आणि दाराशी पाणपोई.

बेलापूरकडच्या एका शाळेची सहल परीक्षेनंतर तिथं आली आणि घरी गेल्यावर बऱ्याच पोरांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दोघांना श्रीरामपूरला नेऊन सलाईन लावावं लागलं. पोरं बरी झाली, पुन्हा विटी-दांडू खेळायला लागली. पण गावात चर्चा थांबली नाही, कारण त्या चर्चेला एक सोयीचं माणूस मिळालं होतं.

गयाबाई बौद्ध होत्या. पाणपोईवर आधी एक म्हातारेबुवा बसायचे. ते थकले, तेव्हा समितीतल्या शिकल्या-सवरल्या दोघा-तिघांनी आग्रह धरून गयाबाईंना ठेवलं. भाऊसाहेबांनी विरोध केला नाही, पण एक नियम घातला. रांजणाच्या आत हिचा हात जाता कामा नये, लांब दांड्याच्या ओगराळ्यानंच पाणी द्यायचं. म्हातारेबुवा आपले पितळी तांब्या बुडवून द्यायचे, त्यांना हा नियम नव्हता. नियम कशासाठी होता ते सगळ्यांना कळत होतं, गयाबाईंना तर सगळ्यात जास्त. आता पोरं आजारी पडल्यावर लोक उघड बोलायला लागले. काहीजण पाणपोईसमोरून जाताना आपला तांब्या मुद्दाम दिसेल असा धरून जायचे.

मी पेटी उघडली. आधी क्लोरीन बघायचा. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, त्यातला क्लोरीन पाण्यातले जंतू मारतो. तो पाण्यात शिल्लक आहे का हे बघायला एक औषध असतं. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्याचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पाणी सुरक्षित. पिवळं झालं नाही तर काळजी. विहिरीचं पाणी पिवळं झालं. टाकीच्या नळाचंही झालं. रांजणातलं पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं, उजेडात धरलं. पाणी होतं तसंच राहिलं.

“बघा!” भाऊसाहेब म्हणाले. “नळापर्यंत चांगलं आणि हिच्या हातात आलं की नासलं.”

आणि एवढं बोलून, उन्हानं घसा सुकला म्हणून असेल, त्यांनी बाकावरचा तांब्या उचलला, कोपरापर्यंत हात रांजणात घातला, तांब्या भरून घेतला आणि कडेला उभे राहून चूळ भरली. मी बघत राहिले. गयाबाईंनीही पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मी निर्जंतुक बाटल्यांत विहिरीचं, नळाचं आणि रांजणाचं पाणी भरलं, बर्फात ठेवलं. मग गयाबाईंना विचारलं, रांजण कसा भरता, कधी धुता.

“रोज सांजच्याला रिकामा करते, राखंनं घासते, पालथा घालते. सकाळी नळाला रबरी पाईप लावून भरते. वर फडकं बांधते. हात आत घालायची बंदीच हाय मला, मग घालू कशाला?” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “बाई, माजं काम गेलं तर जाऊ द्या. हातावरचं पोट हाय, कुटंबी भरंल. पर माज्या हातानं लेकरं आजारी पडली म्हनत्यात. ते कशानं धुवायचं?”

त्यांनी फडकं बाजूला करून रांजण दाखवला. आत गार, स्वच्छ पाणी, तळाशी पांढऱ्या कापडाची एक पुरचुंडी आणि वाळ्याचा मंद वास. वाळा म्हणजे एका गवताची मुळं, उन्हाळ्यात पाण्यात टाकतात. मला तो वास लहानपणापासून आवडतो. मी खोल श्वास घेतला आणि एस.टी. पकडायला निघाले.

प्रयोगशाळेतली परीक्षा वेगळी. जांभळ्या रंगाच्या द्रवाच्या नळ्या असतात, त्यात पाण्याचा नमुना घालून उबेला ठेवायचा. दोन दिवसांत द्रव पिवळा होऊन बुडबुडा धरला तर समजायचं की पाण्यात मैल्यातले जंतू आहेत. म्हणजे बागेत पिवळं चांगलं आणि प्रयोगशाळेत पिवळं वाईट. नव्या माणसाचा यात हमखास गोंधळ होतो. विहीर आणि नळ, दोन्हीच्या नळ्या जांभळ्या राहिल्या. रांजणाच्या सगळ्या नळ्या लिंबासारख्या पिवळ्या झाल्या.

आमचे दीक्षित साहेब नळ्यांकडे बघून म्हणाले, “रांजणाचं पाणी पिण्यास अयोग्य. कारण लिहा, हाताळणीतून दूषित.”

“हाताळणी कशावरून, साहेब?”

“विहीर चांगली, नळ चांगला, रांजण वाईट. मधे काय आहे? माणूस. नेहमी माणूसच असतो.”

त्यांचं तसं चुकत नव्हतं. पाणपोयांच्या बाबतीत बहुतेक वेळा असंच निघायचं. पण माझ्या डोळ्यांसमोर ते ओगराळं होतं.

“साहेब, हाताळणी हा आपला साधा शब्द आहे. तिथं तो तसा वाचला जाणार नाही. त्या बाईंच्या हातानं पाणी बाटलं असं वाचतील, वर आपला शिक्का. काम तर जाईलच, पण त्यांच्यामागून तिथं त्यांच्यातलं दुसरं कोणी उभं राहायचं नाही.”

“आपण पाणी तपासतो, बाई. नोकऱ्या तपासत नाही.”

माझंच वाक्य, जवळजवळ जसंच्या तसं. मला इतका राग आला की मी बोलूनच गेले, “मग पाणीच नीट तपासू या. त्या बाईंचा हातच आत जात नाही तिथं त्यांची हाताळणी कशी होईल?”

साहेबांनी चष्मा काढला. ते रागीट नव्हते, फक्त त्यांना फाईल बंद झालेली आवडायची. “बरं. हाताळणी नाही, तर काय, ते शोधून आणा. या आठवड्यात.”

मी पुन्हा बर्फाचा डबा उचलला. कंडक्टर तोच होता. या वेळी “आज कोणती?” म्हणाला. मी म्हटलं, “पिस्ता.”

बागेत पोचले तेव्हा भाऊसाहेब हजर होतेच. मी येणार हे त्यांना कुठून कळायचं कोण जाणे. मी गयाबाईंना म्हटलं, रांजण माझ्यासमोर धुवा, रोजच्यासारखा. मी बाकावर बसून नुसतं पाहिलं. त्यांनी राखेनं घासला, नळाच्या पाण्यानं खळखळून धुतला, पाईप लावून भरला. मी लगेच नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

“म्हणजे?” भाऊसाहेब पुढे झुकले.

“म्हणजे यांनी धुतला, यांनी भरला आणि पाणी चांगलं आहे.”

भाऊसाहेबांनी मान दुसरीकडे वळवली. गयाबाईंनी खुंटीवरची ओली पुरचुंडी घेतली, ओगराळ्यात ठेवली आणि हात न बुडवता अलगद रांजणात सोडली. वर फडकं बांधलं. मग आम्ही चहा घेतला. भाऊसाहेबांनी दुष्काळाचं सांगितलं, कालव्याला पाणी कधी सुटणार ते सांगितलं, आणि ही पाणपोई आपल्या आईच्या नावानं कशी घातली तेही सांगितलं. “आईला उन्हाळ्यात वाळ्याचंच पाणी लागायचं. शेवटच्या दुखण्यात काही गिळवत नव्हतं, पण वाळ्याचं पाणी चमच्यानं घ्यायची. म्हणून माझा हुकूमच आहे, माझ्या पाणपोईत वाळ्याशिवाय पाणी द्यायचं नाही.” बोलताना त्यांचा मोठा आवाज लहान झाला. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुपार कलल्यावर मी पुन्हा रांजणातलं पाणी घेतलं. थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं.

मी नळी उजेडात धरून उभी राहिले. सकाळी क्लोरीन होता, आता नाही. मधल्या वेळात कोणी रांजणाजवळ गेलं नव्हतं, आम्ही तिघं समोरच बसून होतो. उघडा ठेवलेला क्लोरीन उडतो, पण इतक्या लवकर पार नाहीसा होतो तो आत घाण पडली आणि तिच्यावर खर्च झाला तरच. रांजणात फक्त एक गोष्ट नवी गेली होती.

“गयाबाई, हा वाळा कुठून आणता?”

“आनायचा कुटून? सखारामबाबा देत्यात. ताजा, खणून.”

सखारामबाबा बागेचे माळी. त्यांना हाक मारली. वाळा बघायचाय म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. त्या उन्हाळ्यात माळ्याला कोणी कौतुकानं काही दाखवायला सांगेल अशी स्थिती नव्हती. हिरवळ जळून गेली होती, गुलाबांच्या काड्या उरल्या होत्या. ते लगबगीनं पुढे निघाले, मागे मी, माझ्यामागे भाऊसाहेब आणि गयाबाई.

ते आम्हाला संडासांच्या मागे घेऊन गेले.

तिथं रान माजलं होतं. केळी, कर्दळ, सुपाएवढ्या पानांचं अळू, आणि त्यांच्या पलीकडे माझ्या डोक्याएवढा उंच वाळा, गर्द हिरवा. साऱ्या जिल्ह्यात गवताची काडी नव्हती आणि इथं कोकण उतरलं होतं.

“लई जीव लावलाय ह्याला,” सखारामबाबा म्हणाले.

“पाणी कुठलं देता?”

“ह्ये काय, पाट हाय की. टाकीतनं येतं. लई नितळ पानी, बाई. वास बी न्हाई फारसा.”

ती टाकी म्हणजे सेप्टिक टँक. संडासातलं सगळं त्यात जातं. घाण तळाशी बसते, साय वर येते आणि मधलं पाणी पलीकडच्या तोंडानं बाहेर पडतं. ते दिसायला बरंच निवळ असतं, असायला अजिबात नसतं. म्हणून ते दगड-विटांनी भरलेल्या शोषखड्ड्यात सोडतात, जमिनीत जिरवतात. मी खड्ड्याचं विचारलं.

“तो तुंबला होता,” उत्तर भाऊसाहेबांनी दिलं, आणि अभिमानानं दिलं. “मी म्हटलं, दुष्काळात एवढं पाणी मातीत कशाला घालवायचं? आपल्या मोरीवर नाही का आपण अळू लावत? पाट काढायला मीच लावला. वाळ्याचे गड्डेही माझ्या मळ्यातनं आणून दिले. माझीच आयडिया.”

“आणि मुळं खणल्यावर धुता ना?” मी सखारामबाबांना विचारलं.

“धुतो की! माती ठेवून कसं चालंल?”

“कशात?”

सखारामबाबांनी पाटाकडे बोट दाखवलं. “ह्याच्यात.”

भाऊसाहेब पाटाकडे बघत होते, मग वाळ्याकडे, मग टाकीकडे. माणसाला हिशेब लागत जातो तेव्हा तो चेहऱ्यावर दिसतो. गयाबाईंना तो त्यांच्या आधी लागला होता. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला आजही सांगता येणार नाही, बहुधा दोन्ही.

मी मुळांचा नमुना घेतला. गयाबाईंकडून दुसरा रांजण धुवून, भरवून, त्यात वाळा न टाकता सांजेपर्यंत ठेवला आणि त्याचंही पाणी घेतलं. प्रयोगशाळेत मुळं निर्जंतुक पाण्यात हलवली, ते पाणी नळ्यांत घातलं. सगळ्या नळ्या पिवळ्या, वर बुडबुडे. वाळा न टाकलेल्या रांजणाच्या नळ्या जांभळ्याच राहिल्या. रांजण तिथलाच, नळ तोच, गयाबाईंचे हात तेच. दीक्षित साहेबांनी दोन्ही ओळी शेजारी ठेवून पाहिल्या आणि म्हणाले, “चला, या वेळी माणूस नाही निघाला.” मग स्वतःच म्हणाले, “म्हणजे निघाला, पण दुसराच.” रिपोर्टात त्यांनी आपल्या अक्षरात लिहिलं, ‘पाण्याची हाताळणी समाधानकारक.’ तो शब्द त्यांनी मुद्दाम घातला होता. त्यांच्याबद्दलचा माझा सगळा राग तिथं संपला.

तिसऱ्यांदा गेले ती रिपोर्ट घेऊन. पाट बुजवलेला होता. शोषखड्डा उकरून, धुतलेले दगड आणि विटांचे तुकडे भरून पुन्हा चालू केला होता. सेप्टिक टँक कित्येक वर्षांत उपसला नव्हता, तोही उपसून घेतला होता. भाऊसाहेबांनी उभं राहून हे सगळं करवून घेतलं होतं, नाकाला रुमाल लावून का होईना. वाळा मुळासकट काढला होता. केळी ठेवू का, असं सखारामबाबांनी केविलवाण्या चेहऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, केळी ठेवा, पाण्यात टाकू नका.

पाणपोईशी समितीचे चारजण आणि गावातले काही लोक जमले होते. भाऊसाहेबांनी मला जरा बाजूला घेतलं.

“बाई, एक विचारतो. रिपोर्टात माझं नाव आहे का?”

“मी नावं लिहीत नाही, भाऊसाहेब,” मी म्हणाले. “पाणी तपासते.”

ते माझ्याकडे बघत राहिले. पहिल्या दिवशी आपण काय म्हणालो होतो ते त्यांना आठवलं असावं, कारण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग रिपोर्ट माझ्या हातातून घेऊन ते लोकांपुढे गेले आणि मोठ्या आवाजात वाचला. ‘हाताळणी समाधानकारक’ हे दोनदा वाचलं. कागदाची घडी घालताना म्हणाले, “वाळा माझ्या हुकमानं पडत होता. पोरांना त्रास झाला तो माझ्यामुळं. गयाबाईंचा त्यात काही संबंध नाही.” गयाबाई, असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

एवढं बोलून त्यांचा घसा सुकला असणार. सवयीनं त्यांनी बाकावरचा तांब्या उचलला, फडकं बाजूला केलं आणि हात रांजणाकडे नेला.

“भाऊसाहेब,” गयाबाई म्हणाल्या. “आत हात न्हाई घालायचा.”

भाऊसाहेबांचा हात रांजणाच्या काठाशीच थांबला.

“नियम तुमीच केलाय नव्हं? चांगला हाय. बाईंनी बी सांगितलंय, ओगराळं सोडू नका म्हनून. पर आता समद्यांनाच लावायचा.”

मी खरंच तसं सांगितलं होतं. नियम वाईट कारणानं केला होता, पण कारण काढून टाकलं तर तो उत्तम नियम होता. त्या उन्हाळ्यात गयाबाईंच्या बाजूनं सगळ्यात मोठा पुरावा तोच ठरला होता. गयाबाईंचा हात आत जातच नव्हता, हे मी साहेबांना म्हणू शकले ते त्या ओगराळ्याच्या जोरावर.

भाऊसाहेबांनी तांब्या खाली ठेवला. पायरी उतरून खाली आले, वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. गयाबाईंनी ओगराळं भरलं आणि घाई न करता, एक थेंब न सांडता ओतलं. ते प्याले. मिशा पुसल्या.

“वास नाही आता पाण्याला,” ते हळू आवाजात म्हणाले.

“न्हाई,” गयाबाई म्हणाल्या. “निस्तं पानी हाय.”

मग एकेकजण पुढे आला. तांब्या मिरवणाऱ्यांपैकी एकजण रांगेच्या शेवटी उभा होता, तोही सरकत सरकत पुढे आला. मीही ओंजळ धरली. इतकं साधं आणि गार पाणी मी त्या उन्हाळ्यात दुसरीकडे प्यायले नाही. परतीच्या एस.टी.त कंडक्टरनं “आज डबा रिकामा?” म्हणून विचारलं तेव्हा मला विनाकारण हसू आलं.

गयाबाई त्या पाणपोईवर पुढे कितीतरी वर्षं होत्या. मी तिकडून गेले की उतरायचेच. पुढे बढत्या झाल्या, माझ्या हाताखाली पोरं आली, तेव्हा त्यांना मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगत असे. पाण्याला घाण वास आला तर तुम्ही जायच्या आधीच लोक तक्रार घेऊन येतात, ते काम सोपं. चांगला वास आला तर कोणी येत नाही. तेव्हा कुठंही गेलात तर सुवासाची चौकशी आधी करा, आणि माणसाची सगळ्यात शेवटी.